तिने घर सोडलंच पाहिजे

४ जानेवारी, शनिवार

आज वाचनालयात माझं व्याख्यान होतं: 'कवितेतील मौनाच्या जागा'. श्रोते तीन. एक जण वर्तमानपत्र वाचायला आला होता आणि पंख्याखालची खुर्ची सोडवेना म्हणून बसून राहिला. एका बाईंना मी मध्येच विचारलं, "समजतंय ना?" तर म्हणाल्या, "तुमचं चालू द्या, मी मुलीची वाट बघतेय." तिसरा ग्रंथपाल, त्याचा तर नाइलाजच.

खरा धक्का पुढेच होता. मागच्या खोलीत एवढा गलका चालला होता की मला मौनावर बोलताना आवाज चढवावा लागला. व्याख्यान आटोपून आत डोकावलो, तर पस्तीस-चाळीस माणसं तावातावाने भांडत होती. कोपऱ्यावरचा शिंपी, औषधाच्या दुकानातला माणूस, आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. भांडण कशावरून, तर एका साप्ताहिकात चालू असलेल्या गोष्टीवरून. 'थोडं थोडं' असं तिचं नाव, लेखकाचं नाव छापतच नाहीत. चौतीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली, पण गोष्टीतल्या बाईसाठी कुणी असं हमरीतुमरीवर आलेलं कधी पाहिलं नाही.

ग्रंथपाल म्हणाला, "सर, दर शनिवारी तुम्ही यांच्याशीच का बोलत नाही? गोष्टीत दडलेला अर्थ वगैरे. माणसं आयती जमलेली आहेत."

आधी मला ते अपमानाचं वाटलं. मग वाटलं, या लोकांना कुणीतरी वाचायला शिकवायला हवंच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हिचा हात थांबला आणि ही हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही हो. घ्या तुम्ही. तिचा अर्थ तुमच्याकडून ऐकायला आवडेल मला."

हिला साहित्यात रस आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

७ जानेवारी, मंगळवार

ग्रंथपालाने जुने अंक दिले. लाल पेन्सिल घेऊन सगळे भाग एका बैठकीत वाचले. मी चक्रावलो आहे. वाईट नाही!

कथानक एवढंसं आहे. 'ती' आणि 'तो', लग्नाला खूप वर्षं झालेली. 'ती' गुपचूप एक छोटी खोली भाड्याने घेते आणि दर आठवड्याला घरातली एक वस्तू तिकडे नेते. आधी वाटी, मग कात्री, मग एक जुनी शाल. 'त्या'च्या काहीच लक्षात येत नाही. 'तो' कुणी मेल्यावर आलेल्या पत्रातल्यासुद्धा चुका दुरुस्त करतो आणि चहा हवा असला की तोंडाने न मागता चमच्याने बशी वाजवतो. पुढच्या भागात 'ती' काय नेणार, यावर म्हणे शिंप्याच्या दुकानात पैजा लागतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. कागदावर तीन रकाने: घटना, प्रतीक, आशय. बशीची टिकटिक म्हणजे काळ. खोली म्हणजे आत्म्याचं घर. वस्तू म्हणजे मोहाचे पाश, एकेक करून सुटणारे. थोडक्यात, ही वैराग्याची कथा आहे. लोक तिला नवरा-बायकोची गोष्ट समजून वाचताहेत, याला काय म्हणावं?

लेखक पुरुषच असणार, बहुधा निवृत्त प्राध्यापक. एवढी घट्ट रचना उगाच साधत नाही.

हे सगळं हिला लगेच ऐकवायचं होतं, पण मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी ही आजारी मैत्रिणीकडे बसायला जाते. कुठली मैत्रीण ते विचारायचं राहूनच जातं.

११ जानेवारी, शनिवार

अडतीस श्रोते! मोजले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुमची गत आहे," मी सुरुवातीलाच सुनावलं. "अर्थ तुमच्या हातात आहे आणि तुम्ही पैजा लावत बसलाय." मग काळ, आत्मा आणि मोह असा क्रमाने गेलो. लोक गार पडले. शिंपी म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं नवरा खडूस आहे, एवढंच." सगळे हसले, मीही हसलो. त्याला समजावलं की 'तो' हे माणसाचं चित्रण नव्हेच, असा माणूस प्रत्यक्षात असू शकत नाही.

घरी आल्यावर चहात पत्तीच पत्ती. गाळणी सापडत नाही म्हणे.

१४ जानेवारी, मंगळवार

माझ्या टेबलाशेजारचा छोटा निळा दिवा नाही. बैठकीतल्या दोन उशांपैकी एक नाही. गाळणी तर नाहीच. या घरात चाललंय काय?

ही घरी नाही हे विसरून सकाळी किती तरी वेळ बशी वाजवत बसलो होतो. शेवटी मावशी स्वयंपाकघरातून आल्या, चहा ठेवून गेल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या. नऊ वर्षं येताहेत. दिव्याचं विचारलं तर खाली बघून म्हणाल्या, "बाईंना विचारा." अशी उडवाउडवी मला आवडत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

व्याख्यानाला बसायला जागा नाही. गेल्या भागात गाळणी, या आठवड्यात 'ती' दिवा नेते. मी लगेच उलगडून सांगितलं: दिवा म्हणजे ज्ञान, 'त्या'च्या घरात आता अंधार होणार. टाळ्या पडल्या. माझाही दिवा याच आठवड्यात जावा हा योगायोग गमतीचा वाटला म्हणून तोही सांगितला. लोक आणखी हसले.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शेवटी विचारलं, "पण सर, ती खरंच घर सोडून जाईल का हो?"

मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो. खरं तर मी तेवढा विचार केलेला नव्हता.

२३ जानेवारी, गुरुवार

आज जेवताना हिने आपणहून विषय काढला. असं सहसा होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

"तुमच्या गोष्टीचं काय झालं? तुम्हाला काय वाटतं, ती जाईल?"

"जायलाच हवं."

"का? समजा एक दिवस सगळ्या वस्तू घेऊन ती परत आली तर?"

"मग ती गोष्ट राहणार नाही, ती तडजोड होईल," मी म्हणालो. मला सूर सापडला होता. "हे बघ, ज्या घरातून गाळणी गेली, दिवा गेला, उशी गेली आणि ज्याला काही कळलंसुद्धा नाही, त्या माणसाकडे परत येऊन ती करणार काय? त्याला ती दिसलेलीच नाही. तिला परत आणणं म्हणजे लेखकाने कच खाणं. कलेच्या दृष्टीने दुसरा शेवटच नाही. तिने घर सोडलंच पाहिजे."

हिने घास खाली ठेवला. "पण 'तो' अगदी वाईट नाहीये. त्याला एकट्याला जमेल का?"

"त्याचं काय करायचंय? वाचकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुम्हा बायकांचं हेच चुकतं, भावनेच्या भरात रचना बिघडवता."

हिने माझ्या ताटात वरण वाढलं. मग म्हणाली, "पटलं."

बत्तीस वर्षांत माझं म्हणणं हिला एवढ्या लवकर पटल्याचं आठवत नाही. त्या हुरुपात हेच सगळं लिहून साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र धाडलं आणि लेखकापर्यंत पोचवा अशी विनंती केली.

२८ जानेवारी, मंगळवार

चोर सापडला.

ही मैत्रिणीकडे गेलेली. मावशी काम आटपून निघाल्या, तर त्यांची पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली दिसली. मी दारातच थांबवलं. "पिशवी दाखवा." आधी हलेचनात. मग पिशवी पुढे केली. आत आमच्या उशीचा अभ्रा, धुऊन घडी घातलेला.

मी आवाज चढवला नाही. मी चढवत नसतो. मी एवढंच म्हणालो, "मावशी, या घरात हातांच्या जोड्या तीन. त्यातल्या दोन मी ओळखतो. उद्यापासून येऊ नका."

वाटलं होतं रडतील, पाया पडतील. त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. अभ्रा स्टुलावर ठेवला आणि निघून गेल्या. नऊ वर्षं! मला खरंच फार मोठा धक्का बसला आहे. आंधळेपणाने विश्वास टाकला की असंच होतं.

वहिनी जिना चढताना दिसल्या, त्यांनाही थांबवून सावध केलं. मावशी त्यांच्याकडेही जातात आणि वरच्या आणखी दोन घरी. शेजारधर्म म्हणून सांगायला नको?

संध्याकाळी ही आली. मी घडलेलं शब्दशः सांगितलं, तसा हिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, मावशींनी काही नेलेलं नाही. ऐका माझं. त्या सगळ्या वस्तू मीच—"

"पुरे," मी म्हणालो. "तुझा हा स्वभावच आहे. जगातला दोष स्वतःवर घ्यायचा. तुला ती बाई वाचवायची आहे, मला समजतं. पण अभ्रा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे."

"मी दिला होता तो त्यांना!"

"दिला नसशील. तू चांगली आहेस म्हणून म्हणतेयस."

हिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी अनोळखी माणूस आहे. मग तशीच, चपलासुद्धा न बदलता, जिना चढून वहिनींकडे गेली. परत आली ती सरळ आतल्या खोलीत गेली.

१ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान बरं झालं. 'तिने घर सोडलंच पाहिजे' हा माझा मुद्दा लोकांनी उचलून धरला. हात वर करायला सांगितले, सत्तेचाळीस विरुद्ध दोन. दोघांपैकी एक ग्रंथपाल, त्याला 'त्या'ची दया येते म्हणे.

निघताना वहिनी म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत, मी लगेच काढलं मावशींना. वरच्या दोघींनीही काढलं. तुमच्या हिने येऊन मला सांगितलं की वस्तू तिनेच दिल्या होत्या. मी ओळखलं, नवऱ्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून सारवासारव करतेय बिचारी." नवऱ्याचा शब्द खरा पडत होता की खोटा, यात वहिनींचा जरा गोंधळ आहे. पण हेतू चांगला.

घरी भांडी मीच घासतोय. ही बोलत नाही. विचारलेल्याला उत्तर देते, बस.

८ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू?

या गुरुवारी अंक घरी आलाच नाही. एरवी हीच आणते. म्हणून मी न वाचताच गेलो आणि ग्रंथपालाला म्हणालो, आज तुम्हीच मोठ्याने वाचा, मी जागच्या जागी अर्थ सांगत जातो. पेन्सिल घेऊन बसलो.

त्याने वाचायला सुरुवात केली. 'ती' घरात नसताना 'तो' धुणंभांडी करणाऱ्या बाईला दारात अडवतो आणि पिशवी दाखवायला सांगतो. मला वाटलं, कान वाजताहेत. मग ग्रंथपालाने सावकाश, नीट ठसक्यात ते वाक्य वाचलं:

"या घरात हातांच्या जोड्या तीन. त्यातल्या दोन मी ओळखतो."

माझं वाक्य. शब्दन् शब्द. काना-मात्रेचा फरक नाही.

लोक हळहळत होते. शिंप्याने 'त्या'ला एक शेलकी शिवी हासडली. वहिनी रुमालाने डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्याला शिक्षा व्हायला हवी. गरिबाच्या पोटावर पाय दिला." ग्रंथपाल म्हणाला, "सर? यातलं प्रतीक?"

बरं वाटत नाही म्हणून उठून आलो.

दाराशी आम्ही दोघंच होतो. मावशींनीच कुणाला तरी सांगितलं असणार. सूड म्हणून! उद्या जाऊन जाब विचारतो. ही विचारते आहे, चेहरा असा का. हिला कसं सांगू की कुणीतरी आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडतंय?

९ फेब्रुवारी, रविवार

मावशींचं घर शोधायला तासभर लागला. नऊ वर्षांत कुठे राहतात विचारलं नव्हतं. दारात बसून उसवलेली पिशवी शिवत होत्या. मला बघून उठल्यासुद्धा नाहीत.

मी सरळ विचारलं, "त्या दिवशीचं तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? चोर म्हणालात मला, हे काय गावभर सांगत फिरू?"

"मग ते छापून कसं आलं?"

मावशी शिवता शिवता थांबल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खरंच ठाऊक नाही? ती गोष्ट बाई लिहितात."

"कोण बाई?"

"आपल्या बाई. तुमच्या."

मी तिथल्या पायरीवर बसलो.

मावशी सांगत गेल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. मंगळवार-शुक्रवार बाई खोलीवर लिहायला जातात. मैत्रीण वगैरे कुणी नाही. गाळणी, दिवा, उशी बाईंचंच सामान, मावशी येता-जाता पोचवत होत्या. अभ्राही तिकडेच चालला होता.

"मग तेव्हाच बोलायचं होतं!" मी ओरडलोच.

"काय बोलणार? बाईंनी दिलाय म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, कुठे पोचवायला? खोलीचं कुणाला सांगू नका, असं बाईंना वचन दिलं होतं. मग गप्प बसले."

"आणि चोर ठरलात?"

"ठरले. चार घरं गेली, तुमचं धरून." त्यांनी दोरा दाताने तोडला. "बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना सगळं, त्याच संध्याकाळी? पण तुम्ही ऐकून घेता कुठे."

माफी मागायला गेलो तर शब्द जुळेनात. मीच शब्द जुळवायला शिकवत होतो चौतीस वर्षं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल हिच्यासमोर तोंड उघडण्याची हिंमत झाली नाही. आज सकाळी विचारलं. ही शांत होती. मीच घामाघूम.

"खोली कधी घेतलीस?"

"ऑगस्टात."

"घरात लिहायला काय झालं होतं?"

"लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला दोन पानं दाखवली होती. आठवतं?"

आठवत नव्हतं.

"तुम्ही लाल शाईने तपासून दिलीत. दहापैकी साडेचार."

असेल. साडेचार मी बऱ्याच जणांना देत असे.

"म्हणजे तेव्हापासून मला सोडून जायचं तुझ्या मनात—"

"छे हो. मला लिहायला एक टेबल हवं होतं, ज्याच्याशी तुम्ही येऊन उभे राहणार नाही. बाकी काही नाही. गोष्टीतली बाईसुद्धा शेवटी परत येणार होती. तसं प्रकरण लिहून तयार होतं. संपादकांनाही आवडलं होतं."

"मग?"

"मग तुम्ही समजावून सांगितलंत ना, ती का राहू शकत नाही ते. ज्याला ती दिसलेलीच नाही त्याच्याकडे परत येऊन ती करणार काय. संपादकांनी तुमचं पत्रही पाठवलं मला, तीन पानी. मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकही मुद्दा खोडता येईना."

"अगं, मी गोष्टीबद्दल बोलत होतो!"

"मीही गोष्टीबद्दलच विचारलं होतं. ते प्रकरण मी फाडून नवं लिहिलं. तरी स्वतःचा विचार केला नव्हता. पण पुढच्याच मंगळवारी मावशींचं झालं. मी सगळं खरं सांगत होते आणि तुम्ही मला समजावत होतात की मी ते का सांगतेय." ती थांबली. "बत्तीस वर्षांत तुमची एवढी एकच सूचना मी जशीच्या तशी घेतेय."

मी म्हणालो, मी माझं मत मागे घेतो. ती हसली, पण त्या पहिल्या दिवशीसारखी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ती गेली. हातात एकच पिशवी होती. बाकी सगळं आधीच गेलेलं होतं, थोडं थोडं.

जाताना म्हणाली, "मी सांगून वहिनींना पटलं नाही. मावशींची घरं फक्त तुमच्या शब्दावर गेलीत. ती तुमच्याच शब्दावर परत येतील." पत्ता लिहून ठेवलाय का विचारलं, तर नकारार्थी मान हलवली. "फोन करेन मी."

१२ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींच्या दारापर्यंत दोनदा गेलो. घंटा न वाजवता परत आलो. लाज वाटते, हेच खरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अंक स्वतः जाऊन विकत आणला. शेवटचा भाग. पेन्सिल हातात घेतली नाही.

त्यात काही म्हणजे काही घडत नाही. 'ती' खोलीवर येते, कप विसळते, खिडकी उघडते. जिंकल्याचा आनंद नाही, पश्चात्ताप नाही. झोपण्याआधी तिला एवढंच आठवतं की 'त्या'ला औषधाच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही. तिथे गोष्ट संपते.

मी अंक पालथा ठेवला. सकाळीच ते झाकण सांडशीने उघडताना बाटली फुटली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग मी रडलो. एवढं वय झालं, पण असा कधी रडलो नव्हतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालय ओसंडत होतं. शेवटचा भाग असल्याने लोक जिन्यातसुद्धा बसलेले. सगळ्यांचा हिरमोड झालेला होता. "सर, हा काय शेवट? नुसती झोपते? यात गहन काहीतरी असणार, तुम्हीच सांगा."

मी उभा राहिलो. हातात कागद नव्हता.

"यात गहन काही नाही," मी म्हणालो. "गाळणी म्हणजे गाळणी. तिला चहा गाळायचा होता. मी तुम्हाला पाच आठवडे जे सांगितलं ते सगळं चूक होतं. यात काळ नाही, आत्मा नाही. एक बाई आहे आणि एक माणूस आहे, जो तिचं ऐकत नाही. तो माणूस म्हणजे मी."

मग शिंपी उठला, डोळे भरलेले. "वा, सर! 'तो' म्हणजे मी! केवढं मोठं बोललात. खरंय, आपल्या प्रत्येकात तो लपलेला असतो."

आणि टाळ्या! माझ्या आयुष्यात एवढ्या टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या. औषधवाला शेजाऱ्याला सांगत होता, "बघ, असं खोलात जावं लागतं." वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आणायला हवं होतं ऐकायला."

उघडं सत्य बोललो होतो आणि त्याचाही त्यांनी अर्थ लावला. त्यांना अर्थ लावायला शिकवलं होतं मीच.

टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला पडला.

"टाळ्या थांबवा! मी उपमा देत नाहीये. दुसरा मजला, डावीकडचं दार, तिथे राहणारा मी. वहिनी, आपल्या मावशी. तुम्ही गेल्या शनिवारी ज्या बाईसाठी डोळे पुसलेत ना, ती बाई म्हणजे त्या. त्यांना चोर मी म्हटलं. जिन्यात थांबवून तुम्हाला मी सांगितलं आणि तुम्ही त्यांना काढलंत. त्यांनी काहीही चोरलेलं नाही. वस्तू माझ्या बायकोच्या होत्या, तिनेच दिलेल्या. ही गोष्ट तीच लिहिते. मंगळवारी ती घर सोडून गेली. हात वर करून तुम्ही सत्तेचाळीस जणांनी सांगितलंत तशी, आणि तुम्हाला हात वर करायला मीच सांगितलं होतं."

शिंपी खाली बसला. वहिनींचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "पण... तुमच्या हिने मला सांगितलं होतं सगळं," त्या पुटपुटल्या. "आणि मी तिलाच..." वाक्य पुरं न करता त्यांनी पर्स उचलली आणि माणसांतून वाट काढत, कुणाच्या तरी पायावर पाय देत, बाहेर पडल्या. ग्रंथपालाने फडकं आणून टेबल पुसलं. मी घरी आलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी फोन वाजला. ती.

"मावशी येऊन गेल्या आत्ता," ती म्हणाली. "काल वहिनी थेट त्यांच्या घरी गेल्या होत्या. तिन्ही घरी उद्यापासून बोलावलंय."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे त्या येणार नाहीत."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मग विचारलं, "तू येशील?"

"नाही."

"म्हणजे आत्ता नाही, की—"

"नाही म्हणजे नाही. त्यात आणखी काही शोधू नका."

मला वाटलं तिने फोन ठेवला. पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग जेवा."

आणि फोन ठेवला.

मी तिथेच बसून राहिलो. जेवलात का. ही काळजी असेल का? की बत्तीस वर्षांची सवय? की निरोप घेण्याची एक रीत? आवाज किंचित खाली आला होता, त्याचा काय अर्थ? बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. उठलो आणि दोन अंडी उकडायला ठेवली.